मिटलेले ओठ

फोनवर पासवर्ड टाकताना मी ओठ घट्ट मिटून घेतो आणि नात हसते. तिला काय माहीत आमचे दस्तगीरमामा!

ऐंशीच्या दशकात कोल्हापुरात इंजिनिअरिंगच्या पोरांना मी सुरक्षित सिस्टिम बांधायला शिकवायचो. बूट-चपला कॉम्प्युटर लॅबच्या दाराबाहेर, आत एसीचा गारठा आणि मोज्यांचा वास. महिनाभर खपून पोरांनी कुणालाच न फुटणारी सिस्टिम बनवली. मी छाती फुगवून उभा. तेवढ्यात फडकं मारत शिपाई दस्तगीरमामांनी विचारलं, “पासवर्ड काय ठेवलाय रं?” पोरांनी एका सुरात सांगून टाकला.

मी भडकलो.

“मोठ्या माणसाला न्हाय कसं म्हणायचं, सर?” पोरं म्हणाली.

“त्यास्नी कशाला वरडतायसा?” मामा म्हणाले. “तुमचा तर मला पयल्या दिवसापास्नं ठावं हाय. टाइप करताना मोठ्यानं म्हणतायसा की!”