चौदा सेकंदांचा माग

भिकन अहिरे सरांना वर्गात खुर्चीवर बसलेलं मी अठरा वर्षांत पाहिलं नाही. मराठीचा तास घेताना ते फळ्यापासून शेवटच्या बाकापर्यंत येरझाऱ्या घालायचे. मोकळ्या तासाला स्टाफरूममध्येही तेच, खिडकीपासून दारापर्यंत. मी त्याच शाळेत चित्रकला शिकवतो. एकदा वैतागून म्हणालो, "सर, बसा ना जरा. मला गरगरायला लागलंय." तर म्हणाले, "बसलो की डोकं चालायला लागतं. त्यापेक्षा पाय चाललेले बरे."

सर मूळचे बागलाणातले, नामपूरचे. आधीची दोन लेकरं दगावली, म्हणून हा मुलगा देवाकडून भीक मागून मिळवलेला, असं मानून आईने नाव ठेवलं भिकन. गावात असली नावं चालून जातात. पण सटाण्याला हायस्कुलात गेल्यावर पोरांनी त्या नावावरून त्यांना पार हैराण केलं. ते वर्गात शिरले की कुणीतरी डब्याचं झाकण पुढे धरायचं. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं आणि लगेच दुसरं काहीतरी बोलू लागले. पुढे बी.एड. करून ते नाशकात आमच्या मुलांच्या शाळेत लागले. त्याला आता तीस वर्षं होत आली.

गेल्या वर्षी शाळेला पन्नास वर्षं झाली. संस्थेने ठरवलं, प्रवेशद्वारापाशी संगमरवरी पाटी लावायची: या शाळेत मुलांचं चारित्र्य कसं घडवलं जाईल, कोणती मूल्यं रुजवली जातील. मुख्याध्यापक देवरे सरांनी ते काम अहिरे सरांकडे दिलं. "तुमच्याइतकं चांगलं मराठी इथं कुणाचं आहे? एक पान लिहा. पंधरा दिवसांत द्या."

त्याच आठवड्यात आमच्या स्टाफच्या ग्रुपवर एक व्हिडिओ आला. चौदा सेकंदांचा. एक बाई पाठमोरी, लांब दांड्याच्या पोछ्याने फरशी पुसतेय. साबणावरून तिचा पाय सरकतो, बादली कलंडते, बाई धाडकन आपटते, लुगडं गुडघ्यापर्यंत वर जातं. वर कुठल्यातरी सिनेमातलं ढोल-ताशाचं गाणं आणि शेवटी हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग. मी हसलो. सरही हसले. हसतच त्यांनी तो नामपूरच्या बालमित्रांच्या ग्रुपवर ढकलला आणि तासाला निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सुलाबाई आल्या नाहीत. सुलाबाई म्हणजे शाळेच्या सफाई कामगार, वय अठ्ठावन्नच्या आसपास. तिसऱ्या दिवशीही आल्या नाहीत. आमचा शिपाई गोटीराम स्टाफरूममध्ये चहा ठेवता ठेवता म्हणाला, "त्या काय आता येत नाय. भावाकडं सायखेड्याला गेल्या. लेकीच्या सासरी पोचला ना तो व्हिडिओ."

"कुठला व्हिडिओ?" सरांनी विचारलं.

गोटीरामने त्यांच्याकडे असं पाहिलं की उत्तराची गरजच उरली नाही.

सरांनी फोन काढून तो पुन्हा लावला, आवाज बंद करून. मी त्यांच्या खांद्यावरून पाहत होतो. या वेळी आम्ही बाईकडे नाही, तिच्या मागच्या भिंतीकडे पाहिलं. भिंतीवर सुविचाराचा फळा होता. मजकूर वाचता येत नव्हता, पण अक्षर सरांचं होतं. आमचाच पहिला मजला होता तो.

सर त्या दिवशी चालले नाहीत. भिंतीला टेकून उभे राहिले.

व्हिडिओ काढणारा सापडायला वेळ लागला नाही. नववी ब मधला हर्षल. दप्तरात चोरून फोन आणायचा. देवरे सरांनी त्याच्या वडिलांना बोलावलं, माफीनामा लिहून घेतला आणि शिक्षा सुनावली: महिनाभर पहिल्या मजल्याची फरशी हर्षलने पुसायची. "श्रमप्रतिष्ठाही शिकेल आणि अद्दलही घडेल. विषय संपला."

पण सरांचा विषय संपत नव्हता. रात्री झोप नाही, जेवणावर लक्ष नाही. त्यांच्या मुलीने, तेजस्विनीने, मला फोन करून विचारलं, "काका, बाबांना शाळेत काही त्रास आहे का? काय लिहितात कळत नाही, चार शब्द लिहितात आणि कागद फाडतात."

शेवटी एका शनिवारी ते नववी ब च्या वर्गात गेले. मी शेजारच्याच वर्गात होतो, मधलं दार उघडं होतं, म्हणून सगळं ऐकू आलं.

"हर्षल, तू हा कुणाकुणाला पाठवला?"

"सर, मी डिलीट केलाय."

"तू केलास. ज्यांना पाठवला त्यांचं काय? नावं सांग."

त्याने सात नावं सांगितली. सरांनी ती फळ्यावर लिहिली. मग त्या सातांपैकी वर्गात बसलेल्या चौघांना उभं केलं आणि त्यांनी पुढे कुणाला पाठवला ते विचारलं. फळा भरत गेला. आतेभाऊ, क्लासमधली मुलं, सोसायटीचा ग्रुप, कुणाचा तरी मामा. मग सर थांबले आणि खालच्या कोपऱ्यात त्यांनी लिहिलं: भिकन अहिरे, त्यापुढे बाण, नामपूरचे बालमित्र, एकवीस जण.

त्यांनी खडू खाली ठेवला.

"मीपण हसलो होतो," सर म्हणाले. "मावशींना ओळखलं नाही म्हणून हसलो. ओळखीची नसती तर हसायला हरकत नव्हती, असं काही शे का?" फार अस्वस्थ झाले की त्यांच्या तोंडात बागलाणची बोली यायची. "आता या सगळ्याचा माग काढत जायचं. एकेकाला भेटायचं आणि समोर पुसायला लावायचं. मी माझ्या लोकांकडे जातो. तुम्ही तुमच्या."

त्यानंतरचे दोन आठवडे सर नुसते धावत होते. शाळा सुटली की हर्षल मागच्या सीटवर, स्कूटर कधी सिडकोत, कधी पंचवटीत, कधी सातपूरला. दोनदा मीही गेलो. कुणी ओशाळून लगेच पुसायचं. कुणी विचारायचं, "एवढं काय त्यात? पडली बाई, हसलं जग." सातपूरला एका कारखान्याच्या गेटवर एक जण हर्षलवर खेकसला, "तूच काढलास ना? मग मला काय शिकवतोस?" हर्षलचा चेहरा उतरला. सर मध्ये पडले नाहीत. हर्षलच चाचरत म्हणाला, "हो, मीच काढला. म्हणूनच सांगतोय." त्या माणसाने तरीही पुसला नाही.

सर स्वतः रविवारी नामपूरला जाऊन आले. पारावर बालमित्रांनी त्यांची यथेच्छ टर उडवली. "भिकन मास्तर म्हातारपणी व्हिडिओ पुसत हिंडी राह्यना!" पण एकवीसपैकी अठरा जणांनी पुसला. सरांना उरलेल्या तिघांचीच रुखरुख.

हळूहळू पालकांच्या कानावर गेलं. एका पालकाने संस्थेकडे तक्रार केली, की अभ्यास सोडून मुलांना गावभर फिरवतात. देवरे सरांनी अहिरे सरांना बोलावून घेतलं. "अहो, शिक्षा झाली, माफीनामा झाला. हे काय आरंभलंय तुम्ही? आणि माझं पान कुठाय?"

"लिहितोय," सर म्हणाले. लिहीत नव्हते.

यादीतल्या एकसष्ट जणांपैकी त्रेपन्न जणांनी पुसला, तेव्हा सर म्हणाले, आता सायखेड्याला जायचं. निमाणीच्या स्टँडवरून आम्ही तिघे एसटीने निघालो. हर्षल सगळा रस्ता खिडकीला डोकं टेकून होता. सर सीट रिकामी असूनही दांडी धरून उभे.

सुलाबाई भावाच्या ओट्यावर कांद्याची रोपं निवडत बसल्या होत्या. उजव्या कोपराला अजून पट्टी होती. सरांना पाहून उठल्या, आत जाऊन पाणी आणलं. हर्षलपुढेही तांब्या ठेवला, पण त्याच्याकडे पाहिलं नाही.

"मावशी, चुकलो," हर्षल म्हणाला.

"किती जणांनी पाहिला रे तो?"

"कुणीतरी एका पेजवर टाकलाय, तिथं चार हजार दोनशे दाखवतंय."

"आन् पुसला किती जणांनी?"

"त्रेपन्न."

सुलाबाईंनी मान हलवली. "मग आलास कशाला?"

सर म्हणाले, "तो सगळ्यांकडे स्वतः गेला, सुलाबाई. मीपण गेलो. मीही तो पुढे पाठवला होता."

आता त्यांनी सरांकडे पाहिलं. "तुमी पण?" एवढंच म्हणाल्या. मग हर्षलकडे वळल्या. "मी पडले तवा तू दहा पावलांवर व्हतास. मला उठवलं कुणी, ठावं हाय का? कुणीच नाय. भिंत धरून उठले. तुझ्या फोनात तेवढं नाय आलं."

हर्षल रडायला लागला. सुलाबाईंनी त्याला उगी केलं नाही. रोपं निवडत राहिल्या.

निघताना सरांनी सांगितलं, की हर्षलला शिक्षा झाली आहे, महिनाभर त्याला फरशी पुसायची आहे. ते ऐकलं मात्र, सुलाबाईंचा आवाज चढला. "वीस वर्षं मी जे काम करते, ते तुमच्या पोरांना शिक्षा म्हणून देता व्हय? मग मी वीस वर्षं कसली शिक्षा भोगते? सांगा की देवरे सरांना. विचारा त्यांना!"

परतताना गोदावरीच्या पुलावर एसटी थांबली होती, कसलीतरी कोंडी. सर खिडकीतून पाण्याकडे पाहत म्हणाले, "मला हे कसं सुचलं नाही? तीस वर्षं मूल्यशिक्षणाचे तास घेतले मी."

दुसऱ्या दिवशी त्यांनी देवरे सरांना तो प्रश्न जसाच्या तसा विचारला. देवरे सर चिडले. दोन दिवसांनी हर्षलची शिक्षा बंद झाली. कारण कुणी जाहीर केलं नाही. पान मात्र अहिरे सरांनी प्रश्न विचारला त्याच रात्री लिहून काढलं. मला वाचायला दिलं होतं. त्यात चारित्र्य हा शब्द एकदाही नव्हता. लिहिलं होतं: या शाळेतला मुलगा चुकला तर शाळा त्याला एकटा सोडणार नाही आणि मोकळाही सोडणार नाही; ज्याचं नुकसान झालं त्याच्या दारापर्यंत त्याच्यासोबत जाईल; शिक्षक चुकला तरी हेच; आणि कुणाचंही काम इथं शिक्षा म्हणून दिलं जाणार नाही.

संस्थेला ते पसंत पडलं नाही. "पाटीवर चुका कशाला?" अध्यक्ष म्हणाले. मग पुण्याच्या कुणाकडून तरी दुसरा मजकूर आला. सत्य, शिस्त, राष्ट्रप्रेम, सर्वांगीण विकास. संगमरवरावर सोनेरी अक्षरांत तोच लागला. समारंभात सर शेवटच्या रांगेच्या मागे उभे होते. कडवट काही बोलले नाहीत, पण टाळ्याही वाजवल्या नाहीत.

सुलाबाई सप्टेंबरात परतल्या. गोटीरामला म्हणाल्या, "मी काय चोरी केली का, घरात बसायला?" त्या सरांशी बोलतात. हर्षल रोज त्यांना नमस्कार करतो, त्याला अजून उत्तर मिळालेलं नाही. तो आता दहावीत आहे. त्या पेजवरचा व्हिडिओ तसाच आहे. तक्रारी करून सर आणि हर्षल दोघे थकले, तरी महिन्यातून एकदा पुन्हा करतात.

मे महिन्यात अहिरे सर निवृत्त होतील. सुलाबाई हल्ली पहिला मजला शाळा सुटल्यावरच पुसतात. पोछा टेकण्याआधी जिन्याच्या दोन्ही बाजूंना पाहून घेतात, कुणी आहे का. सरांनी हे पाहिलंय. मला म्हणाले, "त्यांचं ते पाहणं कसं थांबवायचं, सांगा ना मला." आणि माझ्या उत्तराची वाट न पाहता पुन्हा खिडकीकडे चालू लागले.