पूजेला बसलेली डिस्क

दसऱ्याला कंपनी बंद असते, म्हणून सर्व्हरच्या अपग्रेडला तोच दिवस धरला. सर म्हणाले, मुहूर्तही चांगला आहे. सर म्हणजे आमच्या बियाण्याच्या कंपनीतले कॉम्प्युटर विभागाचे प्रमुख, आणि मी त्यांच्या हाताखाली. काम मी करायचं आणि मीटिंगमध्ये "मी केलं" असं त्यांनी म्हणायचं, ही आमची वाटणी. मी हसून ऐकून घ्यायची. पण विसरणाऱ्यांतली बाई मी नाय.

सर्व्हर युनिक्सचा, जुना. आदल्या दिवशी सकाळी मी बॅकअप घेतला आणि दसऱ्याला सकाळी अपग्रेड सुरू केलं. सगळं सुरळीत झालं आणि रीस्टार्टला मेला अडून बसला. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं, पुढं काहीच नाय. दुसऱ्या दिवशी हरभऱ्याच्या बियाण्याच्या गाड्या वैजापूरला निघायच्या होत्या आणि पावत्या ह्याच सर्व्हरवरून निघतात. मालक स्वतः येऊन माझ्या खुर्चीमागं उभे राहिले.

सर लगेच म्हणाले, "मी तरी सांगत होतो मालक, हे बाईमाणसाचं काम नव्हे. पुण्याचा माणूस बोलावतो. उद्यापासून मॅडमला पावत्यांवर बसवा."

मालकांनी मान हलवली. अंगाची लाही लाही झाली माझ्या. इतकी वर्षं ह्या मशिनची उस्तवार मी केली, आणि आता मी पावत्या फाडत बसू? थांब म्हटलं, बघतेच तुला.

आधी मलाही वाटलं की अपग्रेडमध्येच काहीतरी बिघडलं. म्हणून जुन्या व्हर्जनवर परत सुरू करून पाहिलं. तरी तेच! म्हणजे अपग्रेडचा दोषच नव्हता. मग पडद्यावरची अक्षरं नीट वाचली. सर्व्हर बॅकअपची डिस्क शोधत होता. सुरू होताना ती सापडली नाही की तो पुढं सरकत नाही. उठून सर्व्हर रूममध्ये गेले, मशिनच्या मागं बघितलं. केबल नुसती लोंबकळत होती.

डिस्क गेली कुठं? आणि एकदम आठवलं. काल खंडेनवमी. संध्याकाळी सरांनी ऑफिसच्या ग्रुपवर घरच्या पूजेचा फोटो टाकला होता. मोबाइल काढला, फोटो मोठा करून बघितला. पाटावर लॅपटॉप, स्क्रू ड्रायव्हर, आणि मधोमध झेंडूचं फूल डोक्यावर घेऊन हळदीकुंकवात बसलेली आमची डिस्क. काल दुपारी मी गेल्यावर साहेबांनी उपटून नेली होती. सगळ्या कंपनीचा डेटा देवघरात!

खरं सांगायचं तर डिस्कची गरजच नव्हती. एका फाइलमधल्या एका ओळीपुढं एक खूण टाकली असती, तर सर्व्हर त्या डिस्कला विसरून उठला असता. मी नाय टाकली.

बाहेर येऊन लई गोड आवाजात म्हणाले, "सर, बॅकअपची डिस्क तेवढी घरून आणता का? फोटोत छान दिसतेय."

मालकांनी मोबाइल हातात घेतला. "कंपनीची डिस्क तुमच्या घरी?"

"मालक, हत्यारं पूजतात ना... आणि उत्तरपूजा झाल्याशिवाय हलवता येत नाही..."

"आणा," मालक एवढंच म्हणाले.

सर उस्मानपुऱ्याला निघाले. दसऱ्याची गर्दी, क्रांती चौकात गाड्या तुंबलेल्या. माझं काही अडलं नव्हतं. मालकांसाठी चहा मागवला आणि सगळं सांगितलं. काम कोण करतं, नाव कोणाचं होतं, आज दोष कोणाच्या माथी मारत होते, सगळं. तक्रार वाटू दिली नाही. मालकांनी मधे एकदाच विचारलं, "आधी का नाही बोललात?" मी म्हणाले, "ते कायम शेजारीच असतात."

सर आले घामाघूम, डिस्क रुमालात गुंडाळलेली. मी कुंकू पुसलं, केबल लावली आणि सर्व्हर निमूट उठला. मालकांनी पावती काढून बघितली. मग सरांना म्हणाले, "सर्व्हर रूम आजपासून मॅडम बघतील. पुण्याला फोन करू नका."

मालक गेल्यावर सर जवळ आले. खिशातून आपट्याची पानं काढून पुढं केली. "सोनं घ्या मॅडम. झालं गेलं विसरा."

"सोनं राहू द्या सर," मी म्हणाले. "चावी द्या."