लाल कागदाचा दुमडलेला कोपरा

पुण्याहून निघताना बॅगेत भाजणी, मेतकूट, लसणीची चटणी आणि माझी कागद दुमडायची-सोडवायची हाडाची पट्टी असा ऐवज होता. पट्टी बघून हे म्हणाले, "मुलाकडे आरामाला चाललीस की दुकान मांडायला?" मी म्हटलं, "असू दे हो, ती काही जेवायला मागत नाही." एका जुन्या ग्रंथालयात मी जन्मभर फाटके कागद जोडले. निवृत्त झाले तरी हात शांत बसत नाहीत, त्याला मी काय करू!

विमानतळाबाहेर पडल्यावर पहिल्यांदा डोळ्यांत भरली ती झाडं. रस्त्यावर दोन्ही बाजूंनी छत्र धरून उभी, आणि खाली एक वाळकं पान नाही. अनिकेत, माझा मुलगा, शहराच्या बुओना व्हिस्टा भागात राहतो. पहिल्याच दुपारी त्याने मला हॉकर सेंटरला (एका छपराखाली मांडलेल्या खाण्याच्या टपऱ्या) नेलं. रिकाम्या टेबलावर टिश्यूचं पाकीट पडलेलं दिसलं. कुणी बिचारं विसरलं असेल म्हणून मी ते उचललं आणि समोरून चाललेल्या एका गृहस्थाच्या मागे धावले. नात इरा किंचाळली, "आजी, नो लाह! ती जागा धरलीये!" इथे टिश्यू ठेवला की टेबल तुमचं. आपल्याकडे रुमाल टाकून एसटीत जागा धरतात तसंच की, मग एवढं हसायला काय झालं?

अनिकेत इथे नवीन आला तेव्हा ज्यांच्या घरी भाड्याने राहिला, त्या आंटी नॅन्सींनी मला मुद्दाम बोलावलं होतं. वय पंच्याऐंशीच्या घरात, राहायला त्याच शहरात बुकित तिमाहला, जुन्या बैठ्या घरात. घर विकलं गेलं होतं. घराण्याचे चार पिढ्यांचे कागद सरकारी दफ्तरखान्याला द्यायचे ठरत होते, आणि त्यातला एक फाटका कागद मला दाखवायचा होता.

आंटींनी आधी काया टोस्ट (काया म्हणजे नारळाचं दूध, अंडी आणि साखर आटवून केलेला मुरंबा) खाऊ घातला, मग पेट्या उघडल्या. काय सांगू, माझं मन हरखून गेलं! तान घराणं मूळचं शेतकरी. आधी मिरी आणि गांबिर (कातासारखा अर्क देणारी एक वेल), मग जायफळ, मग रबर. एकेका झाडाची जागा दाखवणारे नकाशे, हिशेब, लग्नाची आमंत्रणं, सगळं वाळवीपासून जपलेलं.

"हे जमिनीचे," आंटी एकेक गठ्ठा पुढे सरकवत म्हणाल्या. "हे बैलगाड्यांचे. आणि हे मुलींचे."

मुलींचे म्हणजे लाल कागदांवरची विक्रीखतं. गरीब आईबापांकडून लहान मुली विकत घ्यायच्या, मुई त्साई (घरकामाला घेतलेली दासी) म्हणून राबवायच्या. पिढ्यान् पिढ्या हे चाललं. कुणा मुलीचं आडनाव घरात ठेवलेलं नव्हतं.

मी चपापले. पण नाक कुठल्या तोंडाने मुरडू? पेशवाईतल्या कागदांत कुणबिणी, म्हणजे विकत घेतलेल्या दासी, गुरांच्या शेजारी मांडलेल्या असतात, असं आमच्या ग्रंथालयातले मोडीवाले सांगत. तसले कागद माझ्याही हाताखालून गेले असणार. मोडी मला येत नाही. तसं मी आंटींना सांगितलं.

"मला तरी चिनी कुठे येत होतं?" त्या म्हणाल्या. "आमच्या घरात इंग्रजी आणि मलय. सत्तरीनंतर क्लास लावला. आपल्या घराने काय केलं ते परक्याने वाचून दाखवायचं, हे मला पटेना."

धन्य ती बाई! त्या वयात आमच्याकडे लोक गुडघे दुखतात म्हणून जिना चढायचं सोडतात.

फाटका कागद आ ह्वाचा होता. या घराने विकत घेतलेली ही शेवटची मुलगी. तिनेच पुढे आंटींच्या पुतण्याला, डेस्मंडला, सांभाळलं. कागदाचा खालचा कोपरा दुमडून मागे चिकटून बसला होता. तो उघडून फाटलेलं जोडायचं होतं. अडचण डेस्मंडचीच होती. कागद द्यायला दोघांची सही लागणार, आणि लाल कागद बाजूला काढल्याशिवाय तो सही करणार नव्हता. आंटी म्हणत, द्यायचे तर सगळे. दोघांचं जमलं नाही, तर घराबरोबर पेट्यांचीही वासलात लागणार होती.

संध्याकाळी डेस्मंड आला. साठीचा, जुरोंग आयलंडवर इंजिनियर, बोलणं अदबीचं. मला घरी सोडायला निघाला आणि गाडीत हळूच म्हणाला, "मॅडम, लाल कागद सडलेत, बुरशी बाकीच्यांना लागेल, एवढंच तुम्ही आंटीला सांगा. तुमचं ती ऐकेल."

माझं डोकंच फिरलं. "तुमच्या घराण्याची अब्रू झाकायला मी खोटं बोलू?"

त्याने गाडी कडेला घेतली. "घराण्याची नाही हो. आ ह्वाची. तिने मला पाठीवर बांधून वाढवलं. आपल्याला विकत घेतलंय हे तिने कधी कुणाला कळू दिलं नाही. शेजारी विचारलं की सांगायची, मी यांच्या नात्यातली. ती गेली तेव्हा अस्थींच्या कोनाड्यावरच्या पाटीवर मी आमचं आडनाव घातलं, तान आ ह्वा. आता सगळ्या जगाला तिची किंमत वाचायला देऊ?"

घरी येऊन जेवले, पण घास गोड लागेना.

दुसऱ्या दिवशी सुनेच्या स्वयंपाकघरात मैद्याची खळ शिजवली, गाळली, गार करत ठेवली. अनिकेतने आल्या आल्या चमचा बुडवला. "आई, खीर अळणी झालीये." सून हसून हसून खाली बसली. उरलेली खळ डब्यात भरून मी पुन्हा बुकित तिमाह गाठलं. डेस्मंडलाही बोलावून घेतलं होतं.

"कागद सडलेला नाही," मी दोघांना स्पष्टच सांगितलं. "बुरशी मेलेली आहे. पण हा लाल रंग कच्चा आहे. ओल जरा जास्त झाली तर रंग फुटेल आणि आतलं कायमचं जाईल. उघडू की राहू दे?"

मला वाटलं आंटी म्हणतील, उघडा. त्या पुतण्याकडे वळल्या. "माझ्या बापाने तिला विकत घेतलं. माझा काय हक्क? तिचा तू होतास. तू सांग."

डेस्मंड कागदावर वाकला. "त्या कोपऱ्यात काय असतं?"

"विकणाऱ्याचं नाव," आंटी म्हणाल्या. "म्हणजे तिच्या बापाचं. आणि त्याचा अंगठा."

"उघडा," तो म्हणाला.

टीपकागद नावापुरता ओला करून मध्ये कोरडा पातळ कागद घातला आणि वाट बघितली. मग हाडाची पट्टी सरकवली. कोपरा चिकटलेला होता तो आधी हलेना, मग केसाएवढा सुटला, मग सगळाच उलगडला. एका कडेला रंग थोडा पसरला, पण अक्षरं जशीच्या तशी! सगळ्यात वर शेजारी शेजारी उभ्या दोन झाडांसारखं एक अक्षर, आणि खाली काळा अंगठा.

"लिम," आंटींनी वाचलं. "ती लिमांची मुलगी."

डेस्मंडने चष्मा काढला. "मी तिला आमचं नाव दिलं. मान द्यायचा म्हणून दिलं हो. आणि तिला तिचं होतं." एवढा मोठा माणूस टेबलावर डोकं टेकून रडला. आंटी त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या, आणि मीही डोळे पुसले, उगाच कशाला लपवू?

खळ लावून, पातळ कागदाचा आधार देऊन मी कोपरा जोडला. तो वाळेपर्यंत डेस्मंड तिथून उठला नाही. मग त्याने सही केली. "सगळे द्या, आंटी," तो म्हणाला. "हा सगळ्यात वर ठेवा."

परतीच्या विमानात इराने दिलेला हिरवा पानदान केक (केवड्याच्या जातीच्या सुवासिक पानांचा) खात बसले होते, पण डोक्यात आंटी होत्या. आपल्या घराचं वाईट वाचता यावं म्हणून सत्तरीत अक्षरं गिरवायला बसायचं, याला छाती लागते. पुण्यात आल्याबरोबर मी मोडीच्या वर्गात नाव घातलं. हे म्हणाले, "आता या वयात?" मी म्हटलं, "सत्तरीला अजून अवकाश आहे माझ्या."

परवा आंटींनी फोनवर एक फोटो पाठवला. छिंग मिंगचा सण (पितरांच्या जागा झाडून पुसून नैवेद्य दाखवायचा दिवस) झाला होता. अस्थी ठेवायच्या भिंतीतला एक कोनाडा, त्यावर कोरी करकरीत पाटी, आणि ती फडक्याने पुसणारा डेस्मंडचा हात.

"काय लिहिलंय?" ह्यांनी खांद्यावरून डोकावून विचारलं.

मला चिनी कुठलं यायला! पण पहिलं अक्षर म्हणजे शेजारी शेजारी उभी दोन झाडं होती.

"लिम," मी वाचून दाखवलं.