आमच्या टेकडीवरचे पायलट

निवृत्त शिक्षिकेकडे तक्रारींचा साठा असतो, असं म्हणतात. माझ्याकडे किस्से साठलेत, तेही तीनच वर्षांत! शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवलं, तेव्हा इतके जमले नव्हते.

कामशेतहून पवनेकडे जाताना एका टेकडीवर पॅराग्लायडिंगची शाळा आहे. तळेगावात घरी बसून कंटाळले, म्हणून तिथे थिअरी शिकवायला लागले. मालकांचा नियम एकच: बॅगा उचलणारा असो की भाकरी थापणारी, शिकायचं असेल तर फुकट शिका. पास झालात की रोजंदारी बंद, पायलटचा पगार सुरू.

पहिल्या वर्गाला दोघंच आले. पाहुण्यांच्या बॅगा टेकडीवर नेणारा मारुती, आणि मेसमध्ये स्वयंपाक करणारी संगीता, जवळच्याच तिकोणा पेठ गावची सून.

*

पहिल्या दिवशी मी फळ्यावर बाण काढून ऐटीत सांगितलं, "तापलेली हवा वर जाते."

मारुती म्हणाला, "व्हय बाई, पन पाण्यानं भरल्याल्या खाचरावरनं न्हाई जात. काळ्या कातळावरनं जाती. घारी तितंच घिरट्या घालत्यात न्हवं का?"

मी खडू त्याच्या हातात दिला आणि बाकावर जाऊन बसले.

*

मारुती पास झाला, पुढे इन्स्ट्रक्टरही झाला. पूर्वी एकदा पाहुणे म्हणून येऊन गेलेले पुण्याचे एक इंजिनिअर साहेब वर्षभराने कोर्सला आले. गाडीतून उतरताच म्हणाले, "अरे, तो मारुती कुठाय? बॅग न्यायची होती."

मारुती हातात हजेरीपट घेऊन पुढे झाला. "गुड मॉर्निंग सर! बॅग पाठीवर घ्या आन् चला वर. हाच आपला पहिला लेसन!"

साहेब निम्म्या वाटेत तीनदा बसले. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

*

संगीताची तोंडी परीक्षा मी दाराआडून ऐकत होते. परीक्षकांनी विचारलं, "वारा अचानक वाढला. पाहुणा हट्टाला पेटलाय, आत्ताच उडायचं म्हणतोय. काय कराल?"

"च्या पाजीन."

"आणि तरी वारा पडला नाही तर?"

"दुसरा च्या."

पास!

*

एवढं झालं आणि संगीताच्या सासूबाई, हौसाबाई, टेकडीवर येऊन थडकल्या. "सैपाक कर, न्हाईतर कंपनीत जा. ह्ये लटकायचं काम बंद! घरी चल."

संगीता खाली मान घालून म्हणाली, "आत्याबाई, येक डाव माज्यासंगं वर चला. मग न्हाई म्हनला, तर उद्यापास्नं पुन्ना भाकऱ्या थापीन."

दीड वर्षाची मेहनत, आणि निकाल म्हातारीच्या हातात!

मारुतीने हौसाबाईंना पुढे बांधलं, संगीता मागे. नऊवारीवर हार्नेसचे पट्टे असे चपखल बसले, की आमच्या पाहुण्यांच्या जीन्सवरही तसे बसत नाहीत. चार पावलं पळाल्या आणि दोघी हवेत!

वॉकीटॉकीवर एकदम हौसाबाईंचा आवाज, "थांब, थांब! तिकडं ने जरा! आपला बांध कोरलाय की गं शेजारच्या मेल्यानं!"

खाली आल्या. मारुतीने पट्टे सोडले. हौसाबाईंनी पदर नीट केला. संगीता हेल्मेट छातीशी धरून उभी.

रांगेत पुढची एक मुंबईची मुलगी होती. भीतीने पांढरीफटक पडलेली. हौसाबाई तिच्याजवळ गेल्या आणि तिच्या पाठीवरून हात फिरवला.

"जा बाय, भिऊ नगंस. माजी सून हाय ती."