डिंकाची बाटली आणि खोडरबर

तायडे मावशींच्या टेबलावर रोज अपघात व्हायचे. डिंकाची बाटली म्हणजे ट्रक, खोडरबर म्हणजे मोटरसायकल, फूटपट्टी म्हणजे रस्ता. अकोल्याच्या कोर्टाबाहेर भिंतीला टेकवलेल्या टिनाच्या टपरीत त्या अर्ज टाइप करून द्यायच्या. भरपाईचा दावा घेऊन कोणी आलं की आधी हे सामान त्याच्यापुढे सरकवायच्या आणि म्हणायच्या, "तोंडानं नको सांगू. मांडून दाखव." तोंडाने सांगताना माणूस रडतो, शिव्या देतो, देवाला मध्ये आणतो. मांडायला बसला की बाटली कोणत्या बाजूने आली ते त्याला दाखवावंच लागतं.

मीही मांडलं होतं. मी मोर्शीकडचा. आठवीतून शाळा सोडली आणि फरशी बसवायच्या कामाला लागलो. काम अकोल्यात होतं म्हणून तिथेच खोली करून राहायचो, पंधरा दिवसांनी मोटरसायकलने गावी जायचो. असाच परत येताना मूर्तिजापूरच्या अलीकडे एका फाट्यावर संत्र्याची पिकअप गाडी इंडिकेटर न देता वळली. उजव्या गुडघ्याचा चुरा झाला. आत पट्टी आणि स्क्रू आहेत, थंडीत ते अजून बोलतात.

माझा दावा घेतलेल्या वकीलसाहेबांनी मला अर्ज टाइप करायला मावशींकडे पाठवलं तेव्हा एका काखेत कुबडी होती आणि कागदांची पिशवी छातीशी धरलेली. दर दोन मिनिटांनी मी आत हात घालून कागद आहेत ना ते बघत होतो.

"पिशवीत कोंबडी आहे का बे?" मावशी म्हणाल्या. "उडून जाईन म्हणून धरून बसला."

चष्म्याला काळा दोरा, कपाळावर घाम, कॉम्प्युटरच्या बाजूला बुद्धाचा छोटा फोटो आणि त्याच्यापुढे डब्याच्या झाकणात दोन फुलं. टाइप करताना त्या स्क्रीनकडे बघायच्याच नाहीत, समोरच्या माणसाकडे बघायच्या. मी फूटपट्टीवर खोडरबर चालवलं, बाटली वळवली, खोडरबर आडवं झालं. झाल्यावर मी ते उचलून सरळ ठेवायला गेलो, तर त्यांनी हात धरला.

"राहू दे. तू उभा झाला का अजून? मंग तेही पडूनच राहीन." आणि ते तसंच आडवं, ड्रॉवरच्या कोपऱ्यात ठेवून दिलं.

मग त्यांनी दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड वाचायला घेतलं. दोन ओळी वाचल्या आणि चष्मा काढला.

"यात तं बाटलीच नाही."

"म्हणजे?"

"गाडी घसरून पडला, असं लिहेल आहे. कोन सांगतलं?"

ते मीच सांगितलं होतं. इंग्रजीतला तो कागद इतके महिने मी छातीशी धरून फिरत होतो आणि माझंच खोटं त्यात बसलंय हे मला माहीत नव्हतं.

झालं असं होतं की ज्याने धडक दिली त्यानेच मला उचललं. त्याचं नाव हरीश, राहणारा वलगावचा. त्याच्याच गाडीत संत्र्यांच्या क्रेटजवळ त्याने मला झोपवलं, आणि वाटेत खिडकीतून मागे तोंड करकरून म्हणत होता, "भाऊ, माहं नाव नको सांगजो. गाडी नवी हाये. पोरी लहान हायेत माह्या." मी म्हटलं, ठीक आहे. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी घसरलो म्हणालो. पोलिसात कोणी गेलंच नाही. पहिली औषधं त्यानेच आणली, स्वतःचा नंबर दिला. पुढे माझं ऑपरेशन झालं, काम सुटलं, आणि त्याने फोन उचलणं बंद केलं.

हे सगळं ऐकून मावशींनी चष्मा पुसून परत घातला. मग म्हणाल्या, "चांगुलपना केला तू. पन कागदाले चांगुलपना वाचता येत नाही."

बाहेर चहाच्या टपरीवर खोट्या दाव्यांचा एक दलाल मला रोज गाठायचा. "दुसरी गाडी दाखवू, भाऊ. माझ्याकडे गाडीवाला आहे, साक्षीदार आहे. तू फक्त सही कर." मला भीती वाटत होती, पण मोहही होता. पायाची घडी होत नव्हती. फरशीचं काम म्हणजे दिवसभर उकिडवं बसणं. ते गेलं म्हणजे माझ्या हातातली एकुलती एक विद्या गेली होती. मी घाबरत घाबरत मावशींना विचारलं, करू का सही?

"एक खोटं बोलला तं इथं आला," त्या म्हणाल्या. "दुसरं बोलला तं मले कशाले मांडून दाखवलं? उचल तुही कोंबडी अन् जाय त्याच्याकडे."

मी गेलो नाही. त्यांनी खरं काय झालं ते वकीलसाहेबांच्या कानावर घातलं आणि पुढच्या रविवारी हरीशच्या गावी जायला मला घेऊन एसटीत बसल्या. अमरावतीला गाडी बदलली. स्टँडवर बाकड्यावर बसून त्यांनी भाकर आणि ठेचा काढला. मला घास जात नव्हता. हरीश मारायला धावला तर, दारच उघडलं नाही तर, असं मी पुन्हा पुन्हा बोलत होतो. "आधी जेव," त्या म्हणाल्या. "उपाशी माणूस भांडते नाहीतं रडते. आपल्याले दोन्ही करायचं नाही."

वलगावात हरीश अंगणात गाडी धुत होता. मला कुबडीवर बघून त्याच्या हातातला पाइप खाली पडला, पाणी तसंच वाहत राहिलं. त्याच्या बायकोने बाज टाकली, पाणी दिलं. तो मात्र उभाच. "मी काही केलं नाही. हा सोताच सांगतला होता डॉक्टरले."

मावशींनी पिशवीतून डिंकाची बाटली, दुसरं एक खोडरबर आणि फूटपट्टी काढून बाजेवर ठेवली. "मले काही माहीत नाही बापा. तू मांड."

हरीश हसला आधी. मग बायकोकडे बघितलं. मग खाली बसला आणि फूटपट्टीवर बाटली चालवत आणली. फाट्यापाशी थांबला. बराच वेळ थांबला. आणि वळवली, अगदी मी वळवली होती तशीच. खोडरबर आडवं झालं.

"माही गाडी विकतील न, मॅडम?" त्याचा आवाज बारीक झाला होता.

"गाडीचे कागद आन."

त्याने प्लास्टिकच्या पिशवीतून कागद आणले. मावशींनी एक कागद वर काढला. "हा इमा कायचा आहे? नजर लागू नये म्हनून भरते का दरसाली?"

तेव्हा कळलं, आम्ही दोघेही एकाच गैरसमजात महिनोन्‌महिने जळत होतो. त्याला वाटत होतं, मी दावा केला की त्याची गाडी जाईल. मलाही तेच वाटत होतं, म्हणून मी वकिलाकडे जायलाच उशीर केला होता. भरपाई विम्याकडून येते हे त्याच्या पिशवीत लिहिलेलं होतं आणि त्याने ती कधी उघडली नव्हती.

"पन लपवत नाही," मावशी म्हणाल्या. "तुह्यावर पोलिस केस होईन. तारखा कराव्या लागतील, दंड पडू शकते. हे ऐकून घे अन् मंग ठरव."

"इचार करतो," तो म्हणाला. एवढंच. परतीच्या एसटीत मी रडायच्या बेतात होतो. मावशी खिडकीला डोकं टेकून झोपल्या.

चौथ्या दिवशी तो आला. आम्हाला फोन करून, तो फाटा ज्या ठाण्याच्या हद्दीत होता तिथे, मोटरसायकलवर, मागे बायको, दोघांच्या डोक्यावर हेल्मेट. त्याने जबाब दिला. मला म्हणाला, "इनंच झोपू देलं नाही मले." आणि बायकोकडे बोट केलं.

दाव्यात मावशींनी एक वाक्य स्वतःहून सुचवलं आणि वकीलसाहेबांनी ते ठेवलं. 'अर्जदार उकिडवा बसू शकत नाही व फरशीचे काम उभ्याने होत नाही.' अपंगत्वाच्या दाखल्यावर माझ्या पायाचे टक्के लिहिले होते. माझं काम या एका ओळीत लिहिलं होतं.

साक्षीच्या आदल्या दिवशी मी सगळं पाठ करत बसलो होतो. त्या ओरडल्या, "पाठ करू नको. पाठ केलेलं विसरशील. झालं ते कसं विसरशील?" दुसऱ्या दिवशी विमा कंपनीच्या वकिलांनी विचारलं, "दवाखान्यात खोटं बोललात की आता बोलताय?" दारात मावशींचा चष्मा दिसत होता. मी म्हणालो, "तेव्हा, साहेब. तोच मला उचलून आणत होता. त्याच्या शर्टावर माझं रक्त होतं. त्याच्यासमोर त्याचं नाव कसं सांगू?" वकील पुढचा प्रश्न शोधायला कागदात बघू लागले.

आता मी पुण्याजवळ एका फरशीच्या गोदामात कटिंग मशीन चालवतो. उभ्याने करायचं काम आहे. घर लांब पडलं, पण हातातली विद्या पुरती गेली नाही. मावशींनी टपरी बंद केली, त्या अमरावतीला लेकीकडे असतात. डोळे अधू झालेत. गावी जाताना मी आधी त्यांच्याकडे उतरतो. फोनवर अजून पहिला प्रश्न तोच, "हेल्मेट घातलं का बे?"

रक्कम किती मिळाली ते सांगत नाही. "आकडा सांगतला की लोक पाय विसरतात," असं त्यांनीच बजावलं होतं. निकालाचा दिवस मात्र सांगतो. निकाल मराठीत होता. मी तो घेऊन टपरीवर गेलो आणि त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो माझ्याकडे परत सरकवला.

"वाच."

"तुमी वाचा न, मावशी. मला नीट..."

"पाय तुहा मोडला. वाचशीन बी तूच."

आठवीतल्या पोरासारखं बोट ठेवून ठेवून मी वाचलं. अर्जदाराचा अपघात सदर वाहनाच्या धडकेनेच झाला, हे सिद्ध होते. ती ओळ मी दोनदा वाचली. दुसऱ्यांदा बोट लागलं नाही.

मावशींनी ड्रॉवर उघडला आणि ते खोडरबर काढून फूटपट्टीवर आडवं ठेवलं. "आता कर उभं."

उभं केलं, ते पडलं. पुन्हा केलं, पुन्हा पडलं. मी घाईघाईने तिसऱ्यांदा उचलायला गेलो, तेव्हा त्यांनी डिंकाची बाटली उचलून स्वतःच्या मांडीवर घेतली.

"हळू कर न, गजानन," त्या म्हणाल्या. "आता कोनतीच गाडी येऊन नाही राहिली."