गुणी लेकरू

पलटणीत तिला सगळे स्टेअरिंगबाई म्हणत. रसदीचा अवजड ट्रक ती घाटातून असा काढायची की शेजारी बसलेला जवान देवाचं नाव घ्यायचा. नवरा सरहद्दीवर, सासर-माहेर लांब, आणि पदरात दीड वर्षाची चिमणी.

छावणीचं पाळणाघर होतं, नाही असं नाही. स्वस्त होतं, स्वच्छ होतं. पण ते उघडायचं ऑफिसच्या वेळेला आणि ट्रक निघायचे पहाटे. ही वेळ ज्यानं ठरवली त्यानं स्वतःचं पोर कधी कडेवर घेतलं नसावं. शिवाय नंबर लागेपर्यंत बदली व्हायची आणि नव्या छावणीत पुन्हा रांगेचं शेपूट. गेटाबाहेरच्या खासगी पाळणाघराची फी ऐकूनच घाम फुटायचा. म्हणून चिमणी जायची मेसच्या आचाऱ्याच्या बायकोकडे. सगळ्यांची ती मावशी. एक खोली, खोलीभर पोरं आणि मावशी एकटी.

अलीकडे चिमणी फार गुणी झाली होती. घ्यायला जावं तर झोपलेली, घरी आणली तरी मान टाकलेली. "नशीबवान आहेस बाई, आमचा तर घर डोक्यावर घेतो," शेजारीण म्हणायची. आईलाही बरंच वाटायचं.

एकदा ट्रक बिघडला आणि ती दुपारीच परतली. मावशीकडे पोरं ओळीनं बसली होती आणि मावशी एकेकाच्या तोंडाला खोकल्याच्या औषधाचं झाकण लावत होती. खोकला कुणालाच नव्हता.

"मावशी, हे काय?"

मावशी दचकली, पण तिनं लपवलं नाही. "यानं झोपतात गं. एक रडलं की सगळी रडतात, मला हात दोनच. पटत नसेल तर ने तुझी पोर, मी रागावणार नाही."

तिच्या डोक्यात सणक गेली. चिमणीला उचलून ती तरातरा घरी आली आणि फोन करत सुटली. शेजारणीची स्वतःचीच ड्यूटी होती. पाळणाघरवाली म्हणाली, "नंबर आला की कळवू." पलटणीतले तिचे साहेब वाईट नव्हते, पण तेही म्हणाले, "रजा कशी देऊ? गाडी कोण नेणार? वरच्या चौकीवरचा शिधा संपत आलाय." त्याच चौकीवर तिचा नवरा होता.

पहाटे गणवेश चढवून ती मावशीच्या दारात उभी राहिली. चिमणी टक्क जागी होती, आईच्या कॉलरशी खेळत होती. मावशीनं हात पुढे केले. आईला पोर सोडवेना. शेवटी तिनं दिली, आणि मान खाली घालून म्हणाली,

"मावशी, हिला अर्धंच झाकण द्या."