सिनेमाला फॅट किती?

आमच्या दूध डेअरीवरचे किस्से लिहून ठेवायचे म्हटले, तर किटल्यांपेक्षा वह्याच जास्त होतील. सकाळ-संध्याकाळ वीसेक माणसं रांगेत उभी, हात अडकलेले आणि तोंडं मोकळी! मी सुमन. कडावजवळच्या या डेअरीत दुधाची फॅट मोजते. म्हणजे मोजतं मशिन, शिव्या खाते मी.

रांगेत हल्ली एकच विषय. काल मोबाईलवर कुठला सिनेमा बघितला? बाकीचं जग सिनेमाला स्टार देतं. आमच्याकडे फॅट लावतात! सात म्हणजे म्हशीचं घट्ट दूध. साडेतीनच्या खाली म्हणजे परत न्या. मी हे पहिल्यांदा ऐकलं, तेव्हा हातातली नमुन्याची बाटली सुटली होती.

*

हरीभाऊ आमचे चेअरमन. साठी उलटलेली, दारात दोन म्हशी, शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. एकदा आल्या आल्याच म्हणाले, "सुमे, कालच्याला सहा पॉइंट आठ लाव."

"एवढा चांगला? शेवट काय केलाय?"

"शेवट कोन बघतो? पंधरा मिंटं बघितला आन् झोपलो."

मी उडालेच. "अहो, पंधरा मिनिटांत कसली फॅट लावता?"

"तू आमच्या दुधाची कशी लावतेस? चमचाभर नमुना घेतेस, का आख्खी किटली पितेस?"

रांग हसून हसून वाकली. मी सहा पॉइंट आठ लावून टाकली.

*

याच हरीभाऊंचा महेश खोपोलीला एका कंपनीत होता. सत्तावीस वर्षांचा, पर्मनंट व्हायला आलेला. गेल्या दिवाळीनंतर नोकरी सोडून घरी आला आणि म्हणाला, "मी सिनेमा करणार."

हरीभाऊ दोन दिवस त्याच्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी डेअरीवर, भर रांगेत निकाल दिला. "कर. भातलावणीच्या आधी दाखव. हितं सगळे फॅट लावतील, शेवटची मी लावीन. माझी साडेतीनच्या खाली आली, तर गपचूप कंपनीत जायचं. परत सिनेमाचं नाव काढायचं नाय!"

आणि महेश "हो" म्हणाला! परीक्षक कसे आहेत, हे त्या बिचाऱ्याला अजून कळायचं होतं.

*

ते त्याला शेवंताकाकीनं कळवलं. काकी गोठ्यात मोबाईल खुंटीला टांगते आणि धार काढता काढता सिनेमा बघते. एक भुताचा सिनेमा सगळ्यांना आवडला होता. काकीनं लावली दोन!

महेश म्हणाला, "काकी, एवढी कमी? भीती नाय वाटली?"

"मला कशाला वाटतंय? ती भुताची बाय किंचाळली आन् माझ्या म्हशीनं पान्हा चोरला! किटली आर्धीच रायली."

"पण सिनेमा कसा होता?"

"मला काय इचारतोस रं? जा, म्हशीला इचार!"

महेश माझ्याकडे बघत राहिला. मी मशिन पुसायला घेतलं.

*

टेंपोवाला बाबू तर थेट कबूल करतो की तो सिनेमा लावून झोपतो. एका सिनेमाला त्यानं साडेसहा दिली. का? तर झोप गाढ लागली.

"मग सात का नाही?" मी विचारलं.

"मधी एकदा जाग आली ना, ताई!"

*

शेवटी महेशनं ठरवलं, या लोकांना जरा शिकवू. बाबूच्या टेंपोत बसवून आम्हा सगळ्यांना कर्जतला एक बक्षीस मिळवलेला सिनेमा बघायला घेऊन गेला. पडद्यावर हिरो खिडकीत उभा राहून शेताकडे बघतोय. बघतोय. अजून बघतोय. थिएटरात टाचणी पडली तरी ऐकू येईल.

शेवंताकाकीचा आवाज घुमला, "शेत याचंच हाय ना? मग नुसतं बघतो काय? उतर की खाली!"

लाजेनं मी पदरात तोंड लपवलं. बाहेर आल्यावर महेशनं भीतभीत विचारलं, "आबा, कसा वाटला?"

हरीभाऊ म्हणाले, "कॅन लखलखीत घासलाय. दूद घालायचं इसरलेत."

परतीच्या वाटेवर महेश टेंपोत सगळ्यांकडे पाठ करून बसला. मला त्याची फार दया आली.

*

आणि मग तो रविवार. दुपारी शाळेचा प्रोजेक्टर आणून खिडक्या लावून डेअरीच्या आतल्या भिंतीवर महेशचा सिनेमा लावला. चाळीस मिनिटांचा. हिरो नाही, गाणं नाही. आमच्याच गावाचा एक दिवस. कोंडाण्याच्या लेण्यांच्या वाटेनं मोळ्या घेऊन उतरणाऱ्या बाया, टेंपोत घोरणारा बाबू, काकीची म्हैस. म्हैस दिसली तशी काकीनं डोळ्याला पदर लावला आणि कुजबुजली, "पाच तरी हाय गं." माझा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात भिंतीवर हरीभाऊंची पडवी आली. पहाटेची. फोन खिडकीत ठेवून दिलेला असावा. हरीभाऊ कॅन घेऊन आले. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. पाण्याच्या पिंपात तांब्या बुडवला आणि कॅनात ओतला. पुन्हा बुडवला. पुन्हा ओतला. झाकण लावलं आणि निघाले.

मला वाटलं, जमीन दुभंगावी! मागच्या वर्षी पाणी सापडलं म्हणून एकाची किटली याच माणसानं भर रांगेत गटारात ओतायला लावली होती. यांची स्वतःची फॅट कधी कमी आली की म्हणायचे, "चारा बदलला गं." आणि मी चेअरमन म्हणून मान डोलवायचे. स्वतःचीच लाज वाटली मला.

सिनेमा संपला. फॅट लावायची सोडून सगळे हरीभाऊंकडे वळून बघायला लागले. महेश प्रोजेक्टरजवळ उभा, बापाकडे सरळ बघत. हरीभाऊंनी नुसतं "तीन" म्हटलं असतं, तरी तो सोमवारी कंपनीच्या गेटवर असता आणि सिनेमा कायमचा पेटीत.

हरीभाऊ म्हणाले, "ती जागा मागं घे."

महेशनं मागं घेतली. पुन्हा पडवी, पुन्हा तांब्या. हरीभाऊ पुढं वाकून बघत होते.

"दोनच तांबे दिसतात. तिसरा कापून टाकलास?"

"नाय आबा. त्या दिवशी दोनच होते."

हरीभाऊ उठले. चपला पायात सरकवल्या आणि दारातून माझ्याकडे वळून म्हणाले, "सात लाव, सुमे. पोरानं एक थेंब पानी घातलेलं नाय."